काच धर

"हे कुणालाच खरं वाटणार नाही, तेव्हा तुम्ही लिहून घेण्याच्या भानगडीत पडूच नका," असं म्हणत घड्याळजींनी ते खिशात ठेवायचं जुनं घड्याळ पालथं केलं आणि संग्रहालयाच्या अधिकाऱ्याच्या नाकासमोर धरलं.

घड्याळाची पाठ काचेची होती. आत रुपेरी पत्र्यावर लाटांची नक्षी, नक्षीत डाळिंबाच्या दाण्यांसारखे लाल खडे, आणि कडेला एक चाक असं लगबगीने डोलत होतं, की जणू घरात कार्य आहे आणि सगळं त्या एकट्यावरच येऊन पडलंय.

अधिकाऱ्याने उघडलेलं पेन पुन्हा बंद केलं. तरुण होता. सरकारी कागद समोर दिसला की माणसं आपणहून खरं सांगतात, अशी त्याची अजून समजूत होती.

"लिहा साहेब, लिहा," दारातल्या स्टुलावरून शिंपी म्हणाला. शेजारचं दुकान त्याचं. गळ्यात टेप तशीच होती. "फक्त पेन्सिलीने लिहा. यांचं माप दर खेपेला बदलतं."

"तू जाऊन काजं कर."

"केली. आता ऐकतो. बारा वर्षं ऐकतोय, साहेब. एकदा हे घड्याळ बर्फात गाडलेल्या आगगाडीत सापडलं होतं. एकदा ते अस्वलाने गिळलं होतं, आणि त्यानंतर ते अस्वल म्हणे रोज सकाळी सहाच्या ठोक्याला उठायचं."

"पावणेसहाच्या," घड्याळजी गंभीरपणे म्हणाले.

अधिकारी हसला. भिंतीलगतच्या बाकावर बसलेली घड्याळजींची पुतणी हसली नाही. तिच्या मांडीवर पर्स होती, पर्सवर दोन्ही हात होते, आणि पर्सच्या आत एका रुमालात दुसरं घड्याळ होतं.

जुन्या स्टेशनात आता गाड्या थांबत नव्हत्या. तिथे रेल्वेचं संग्रहालय व्हायचं होतं. कंदील जमले होते, झेंड्या जमल्या होत्या, तिकिटांवर तारखेचा शिक्का मारणारं यंत्र कुठल्याशा गोदामात सापडलं होतं. मधल्या मोठ्या काचपेटीत मात्र अधिकाऱ्याला दोन घड्याळं शेजारी शेजारी ठेवायची होती. एक घड्याळजींचं: अमेरिकेतल्या हॅमिल्टन कारखान्यातलं, एकवीस खड्यांचं, रेल्वेसाठीच घडवलेलं. आणि दुसरं, जे दाखवायलाच हवं होतं. एक्केचाळीस वर्षांपूर्वी धुक्यातल्या सकाळी दोन गाड्या समोरासमोर आल्या, त्यातल्या मालगाडीच्या ड्रायव्हरच्या खिशातलं. तो ड्रायव्हर म्हणजे पुतणीचा बाप. घड्याळजींचा सख्खा थोरला भाऊ. दादा.

दोन्हींच्या पाट्या अधिकारी आजच पक्क्या करणार होता.

"आधी तुमची वाचतो, बाई," तो पुतणीला म्हणाला. "म्हणजे तुमची सही झाली की तुम्ही मोकळ्या." त्याने कागद सरळ केला. "'अपघातग्रस्त मालगाडीच्या चालकाचे घड्याळ. अपघातानंतर चालू स्थितीत सापडले, पाच मिनिटे मागे. कंपनीने दिलेले मूळ मशीन विकून त्याजागी हलक्या प्रतीचे बसवल्याचे चौकशीत दिसून आले.'"

पुतणीने पर्सवरचा एक हात उचलून कागदाकडे दाखवलं.

"पाच मिनिटं राहू द्या," पुतणी म्हणाली. "पाच मिनिटं होतीच मागे. शाळेत मला तेच नाव होतं. दार उघडून आत गेले की पोरं ओरडायची, आली पाचमिनिटं. त्याचं आता काही नाही. ते 'विकून' तेवढं काढा."

"बाई, मी माझ्या पदरचं लिहीत नाही हो. चौकशीच्या कागदात आहे."

"माझी आई महिन्यापूर्वी गेली. ती असती तर हे घड्याळ मिळालंच नसतं तुम्हाला. मी देतेय. लोकांनी बघावं म्हणून देतेय. पण शाळेची पोरं येणार तिथे. रांगेत उभं राहून वाचणार, की या माणसाने कंपनीचं घड्याळ विकून खाल्लं आणि तीन माणसं मारली, त्यात स्वतः एक. तुमच्या पेटीत ते कायमचं राहील. माझ्या बापाने कधी इंजिनातला कोळशाचा खडा घरी आणला नाही."

"तज्ज्ञाची साक्ष आहे त्यात," अधिकारी जरा ओशाळून म्हणाला.

तिने मान वळवली. तज्ज्ञ समोरच बसला होता.

"काका, तुम्हीच उघडलं होतं ना तेव्हा? तुम्ही सांगा यांना. बाबांनी विकलंच असेल असं थोडंच सांगितलं होतं तुम्ही?"

घड्याळजींनी हातातलं घड्याळ मखमलीच्या तुकड्यावर ठेवलं. मग उचललं. मग पुन्हा ठेवलं, आणि मखमलीवर पडलेला वळ अंगठ्याने पुसत बसले.

"मशीन मूळचं नव्हतं," ते म्हणाले. "जे दिसलं ते मी सांगितलं, पोरी. पुढचं त्यांनी लिहिलं."

"मग तेच लिहा. मूळचं नव्हतं, एवढंच. विकलं कशाला?"

"कागद त्यांचा आहे. मी कोण बदलणारा?"

"तुम्ही एक शब्द बोललात तरी..."

"बघू," घड्याळजी म्हणाले. "बघू. आण इकडे, आधी ते बघू तरी कसं चाललंय."

तिने रुमाल सोडला. सोनेरी मुलामा कडेला उडालेला, बाकी घड्याळ लखलखीत. वहिनीने एक्केचाळीस वर्षं ते रोज पुसलं होतं आणि रोज चावी दिली होती. दर महिन्या दोन महिन्यांनी ती वरच्या खोलीतून जिना उतरून दुकानात यायची. "भावजी, हे अजून मागेच पडतं हो. बघता का जरा?" भावजी बघायचे. डोळ्याला भिंग लावून, उगीच एखादा स्क्रू हलवून परत द्यायचे. "आता नाही पडणार, वहिनी." ते पडायचं. सात खड्यांचं, झिजलेलं मशीन. त्याला इलाज नव्हता, हे देणाऱ्याला ठाऊक होतं आणि घेणारीला नव्हतं. चौकशीनंतर रेल्वेचं घर सोडावं लागलं, तेव्हा मायलेकींना त्या वरच्या खोलीत घड्याळजींनीच आणलं होतं. भाऊ असावा तर असा, असं सगळी गल्ली म्हणाली होती. अजून म्हणत होती.

घड्याळजींच्या गोष्टीच्या बारा वर्षांत तेरा आवृत्त्या झाल्या होत्या. एक मात्र त्यांनी कधीच कुणाला सांगितली नव्हती, कारण ती ऐकणाऱ्याला लगेच खरी वाटली असती.

ती अशी की दादाने घड्याळ तेलपाण्यासाठी आणून दिलं. कंपनीचं, नवं नव्हे, पण कंपनी ज्यांच्यावर भरवसा टाकते अशा चारदोन ड्रायव्हरांनाच दिलेलं. घड्याळजी तेव्हा चौतिशीचे होते, आणि खिडकीबाहेरून मिठाई बघावी तशी त्यांनी ही मशिनं आयुष्यभर पुस्तकांतल्या चित्रांत बघितली होती. पाठ उघडली, दिवा जवळ घेतला, आणि बराच वेळ ते नुसते बघत राहिले. मग त्यांना वाटलं, आठ दिवस. फक्त आठ दिवस हे उशाशी ठेवू. विकायचं नव्हतं, चोरायचं नव्हतं. जवळ ठेवायचं होतं. चोरीची होती नव्हती तेवढी सगळी नावं त्यांनी अशी एकेक करून बाजूला सारली आणि मग जे उरलं ते केलं. दादाच्या घड्याळाच्या कवचात सात खड्यांचं एक मशीन बसवलं, डायलसकट. दोन स्क्रू. पाव तासाचं काम.

दादा कामावर जाता जाता आला. घाईत होता.

"डायल बदललीस का रे?"

"जुनीला चीर होती ना. नवी घातली. माझ्याकडून भेट समज. आणि आठवडाभर काच उघडू नकोस, तेल बसू दे. वेळ मी लावून दिलीय."

दादाने घड्याळ कानाशी धरलं. मग म्हणाला, "कशाला बदललीस? जुनी टाकू नकोस हां. पुढच्या खेपेला तीच बसव परत."

चीर गेलेली डायल कुणाला परत कशाला हवी असेल, हे घड्याळजींना तेव्हा कळलं नाही. पुढे विचारायला दादा उरला नाही. तिसऱ्या सकाळी समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायला आडमार्गावर थांबायच्या ऐवजी, अजून वेळ आहे म्हणून, तो पुढच्या स्टेशनाकडे निघाला.

आणि चौकशीत एका लांब टेबलामागून कुणीतरी विचारलं, "मग मूळचं मशीन कुठे गेलं?" तेव्हा घड्याळजींनी दादाचं नावही घेतलं नव्हतं. एवढंच म्हणाले होते, "विकतात लोक, साहेब." तीन शब्द. पाटीवर त्यातला एकच आला होता.

"चालतंय," ते आता म्हणाले, आणि दादाचं घड्याळ झाकण न उघडताच रुमालावर परत ठेवलं.

पुतणीने रुमालाची टोकं एकेक करून घडीत आणली.

"सही नंतर करते," ती अधिकाऱ्याला म्हणाली. "तुमचं दुसरं काम होऊ द्या."

अधिकाऱ्याला हायसं वाटलं. त्याने दुसरा कागद काढला. "हां, तर तुमचं, घड्याळजी. देणाऱ्याचं नाव आलं, मोठ्या अक्षरात. आता हे तुमच्याकडे कसं आलं, एवढं एक वाक्य हवंय."

"एका वाक्यात अस्वलसुद्धा मावत नाही," शिंपी म्हणाला.

घड्याळजींनी खांदे सैल केले. इथून पुढची वाट त्यांच्या पायाखालची होती. आवाजही बदलला, वरच्या खोलीच्या जिन्यात बसून लहान पुतणीला गोष्टी सांगायचे, तो आवाज.

"आधी एक समजून घ्या. हे लोक घड्याळ कसं करायचे? आपल्याला वाटतं, एक म्हातारा, एक भिंग, एक जन्म. छे! त्यांनी ती भानगडच मोडून काढली. एकेका भागासाठी एकेक यंत्र. हजार चाकं केली तर हजारही एकसारखी; यातलं काढा, त्यात घाला. बायका, पोरी कामाला. केसापेक्षा बारीक स्क्रू, चिमूटभर घेतले तर शे-दोनशे यायचे. आणि कारखाना करायचा फक्त मशीन. केस करणारा कारखाना निराळाच."

"कुठली केस?" शिंपी म्हणाला. "कोर्टातली?"

कुणी हसलं नाही. शिंप्याने बाकाकडे पाहिलं, जीभ चावली आणि टेपचं टोक बोटाला गुंडाळायला लागला.

"घड्याळाची. बाहेरचं कवच," घड्याळजी घाईने म्हणाले. "गिऱ्हाईक दुकानात जायचं, मशीन पसंत करायचं, मग ऐपतीप्रमाणे केस पसंत करायचं. दुकानदार दोन स्क्रू आवळून लग्न लावून द्यायचा. ही काचेची पाठ आहे ना, ती दुकानातल्या नमुन्याची. मुलगी दाखवायला बसवतात तशी."

"म्हणजे नवरा एका गावचा, बायको दुसऱ्या," शिंपी सावरून घेत म्हणाला.

"आणि काडीमोडही दोनच स्क्रूंचा."

हे तोंडातून गेलं आणि घड्याळजी थांबले. पुतणी ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. लहानपणी जिन्यात बसून ऐकायची तशीच ऐकत होती, तोंड किंचित उघडं टाकून.

"तर," ते म्हणाले. "एक अमेरिकन ड्रायव्हर. निवृत्त. सहा फूट उंच, एक खांदा दुसऱ्याहून चार बोटं खाली."

"खाली का?" अधिकाऱ्याने विचारलं. पेन उघडं झालं होतं.

"चाळीस वर्षं इंजिनाच्या खिडकीवर रेललेला, म्हणून. बोटीने जग बघायला निघालेला. कसा कोण जाणे, या बाकावर येऊन बसला. घड्याळ टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, 'यात दोष काढून दाखव. काढलास तर तुझं.' आता बोला!"

"त्याची भाषा तुम्हाला कळली?" शिंपी.

"घड्याळाची कळली. तू मध्ये बोलू नकोस. मी दोन दिवस मागून घेतले. पाचही अंगांनी तपासलं. डायल वर ठेवून, खाली ठेवून, चावी वर करून, डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर. कारखान्यात असंच करायचे. थंडीत ठेवायचे, उबेत ठेवायचे. आठवड्यात अर्ध्या मिनिटाच्या वर फरक पडला तर रेल्वे हात लावत नसे. का? तर तिकडे कधीकाळी एकाचं घड्याळ वाटेत मिनिटं खाऊन बसलं होतं, आणि..."

ते पुन्हा थांबले. आज ही गोष्ट जिकडे वळवावी तिकडे तेच गाव लागत होतं.

"आणि मग असे कडक नियम आले," अधिकाऱ्याने वाक्य पुरं केलं. त्याने ते वाचलं होतं. "मग सापडला का दोष?"

"सापडला. तिसऱ्या दिवशी तो आला. मी म्हटलं, बाबा रे, दोष एकच. तुझं घड्याळ बरोबर आहे आणि तू निवृत्त झालायस. आता बरोबर वेळ घेऊन तू कुठे जाणार? तो बसला. तिथेच, ती बसलीय तिथे. एवढा थोरला माणूस, ढसाढसा रडला. आणि घड्याळ ठेवून गेला."

शिंप्याने टाळी वाजवली. "ही नवीन आहे! अस्वलापेक्षा बरी आहे."

अधिकारी लिहीत होता. "'एका अमेरिकन रेल्वेचालकाकडून स्नेहभेट.' चालेल?"

"चालेल की."

"आणि ते वेळ लावायचं... बाईंच्या घड्याळाची चावी ओढली की काटे फिरतात. मी पाहिलं. रेल्वेच्या घड्याळाचं तसं नसतं ना?"

"मुळीच नाही!" घड्याळजी हरखले. असं विचारणारं गिऱ्हाईक वर्षातून एखादं यायचं. "चावी ओढून काटे फिरत असतील तर खिशातून काढताना चुकून फिरतील. आणि गाडी जाईल खड्ड्यात. म्हणून यात चावी कितीही ओढा, काटे ढिम्म. आधी समोरची काच आट्यावरून फिरवून काढायची. मग डायलच्या कडेशी एक इवलीशी खिटी असते, ती नखाने बाहेर ओढायची, तेव्हा कुठे काटे हलतात. म्हणजे ज्याला वेळ बदलायचीय, त्याने ती विचार करून बदलावी. बघा."

त्यांनी घड्याळ डाव्या मुठीत धरलं, उजव्या तळव्याने काच फिरवली. काच सुटली. नजर डायलवरच ठेवून त्यांनी ती बाजूला केली, आणि सगळ्या आयुष्याच्या सवयीने म्हणाले, "काच धर."

सगळ्यांत जवळचा हात पुतणीचा होता. ती बाकावरून उठून टेबलाशी कधी आली, ते कुणी पाहिलं नव्हतं. तिने काच घेतली. तळहाताचा खोलगट द्रोण करून, बोटं काचेला लागू न देता. असं धरायला कुणीतरी शिकवावं लागतं.

घड्याळजींनी खिटी ओढली. काटे फिरले. अधिकारी वाकून बघत होता. पुतणीही बघत होती. ती सासरी गेल्यावरच हे घड्याळ तिजोरीतून बाहेर आलं होतं; कधी माहेरी आली तर ते वरच्या फळीवर, कपाटाच्या काचेआड, स्वतःच्या काचेआड असायचं. उघडं आज पहिल्यांदाच होतं. दुधासारखी पांढरी डायल, ठसठशीत काळे आकडे.

"ही चीर आहे का इथे?" अधिकाऱ्याने विचारलं. "सातापाशी? नोंद करावी लागेल."

"ती ना? ती गोळीची."

"आली गोळी," शिंपी म्हणाला.

"अरे, त्या ड्रायव्हरच्या गाडीवर दरोडा पडला होता. भर दुपारी. घोड्यांवरून आले. गोळी थेट छातीवर. घड्याळ खिशात होतं म्हणून माणूस वाचला. केसचा चुरा झाला, काच फुटली, पण मशीन? एक ठोका चुकलं नाही. नुसती एवढी चीर गेली डायलला. कारखान्याने त्याला नवी डायल फुकट देऊ केली होती. तर हा पठ्ठ्या म्हणतो कसा, नको. हीच राहू दे."

"का?" अधिकाऱ्याने विचारलं.

घड्याळजींनी तोंड उघडलं. एरवी उत्तर जिभेवर असायचं. हे वाक्य त्यांनी गोष्टीत कुठून आणलं होतं, ते त्यांना आत्ता आठवलं, आणि त्याचं उत्तर त्यांना आजही ठाऊक नव्हतं.

पुतणी वाकली. ओठांचा चंबू करून तिने उघड्या डायलवर हलकेच फुंकर मारली, सातापाशी. बघितलं. पुन्हा मारली.

"धूळ नाही ती, पोरी. चीर आहे. फुंकून कशी जाईल?"

"नाही जात," ती म्हणाली. "तेव्हाही नव्हती गेली."



"बाबा वेळ लावायला बसायचे," ती काच तशीच तळहातावर धरून म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मला म्हणायचे, काच धर. हलायचं नाही. मी श्वास धरून उभी राहायचे. एकदा मला दिसलं, सातापाशी केस अडकलाय. बारीक, तांबूस. मी फुंकर मारली, नखाने काढायला गेले. निघेना. रडकुंडीला आले. बाबा म्हणाले, राहू दे गं. तुझ्याच डोक्यातला आहे तो. माझ्याबरोबर गाडीवर येतो. असू दे सोबत."

शिंपी स्टुलावरून उठून उभा राहिला होता. अधिकाऱ्याचं पेन 'स्नेहभेट'च्या पुढे टेकलेलं होतं आणि तिथे शाईचा ठिपका मोठा होत होता.

तिने काच टेबलावर ठेवली. सांभाळून, उपडी, आवाज न होऊ देता. मग नखाचं टोक सातापाशी नेलं आणि डायलला न टेकवता तसंच धरलं.

"गोळी कसली, काका," ती म्हणाली. "खोटं बोलताय तुम्ही. हा माझा केस आहे."